४८ की ५८? मामींची अंगठी आणि मेटल डिटेक्टरचे आकडे

मामांचा फोन सकाळी सव्वासातला आला तेव्हाच कळलं काहीतरी झालंय, कारण छाटणीच्या दिवसांत मामा सकाळी फोनला हातसुद्धा लावत नाहीत. "अगं, तुझं ते यंत्र चालू आहे ना? मामीची अंगठी गेली बागेत." मागून मामींचा आवाज, "तिला सांगा घाई नाही, कामं सोडून येऊ नको म्हणावं." म्हणजे रात्रभर झोपल्या नसणार. लग्नातली अंगठी, चार ग्रॅमच्या आसपास, २२ कॅरेट, मध्ये खडाबिडा काही नाही, साधी पट्टी. बोटं बारीक झाल्यामुळे सैल झाली होती म्हणून आतून दोरा गुंडाळलेला, तो झिजला आणि गेली.

मी नाशिकरोडला राहते, मामांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. मशीन घेऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायच्या हा माझा रविवारचा उद्योग. लोक नेहमी एकच विचारतात, "सोन्याचा आकडा किती येतो?" आणि मी दर वेळी सांगते की सोन्याचा असा आकडा नसतो. मग समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून आज सगळं नीट लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

मशीनच्या स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो धातूचं नाव नसतो. कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालची गोल तबकडी, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने खालच्या धातूत भोवऱ्यासारखे छोटे विद्युतप्रवाह फिरायला लागतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं पण जरा मागे पडून येतं. किती मागे पडलं यावरून आकडा ठरतो. चांदी, तांबं ही वीज छान वाहून नेतात, त्यांच्यात प्रवाह जास्त टिकतो, आकडा वर जातो. पातळ फॉइल, नाजूक दागिना यांच्यात तो पटकन विरतो, आकडा खाली. लोखंड चुंबकीय, त्यामुळे त्याचं उत्तर वेगळ्याच अंगाने येतं आणि मशीन त्याला तळाशी टाकतं. म्हणजे आकड्यात धातू तर आहेच, पण जाडी आहे, आकार आहे, वस्तू आडवी पडलीय की उभी ते आहे, शेजारी काय पडलंय तेही आहे. एवढं सगळं मिळून एक आकडा. त्यातून तुम्ही फक्त धातू वेगळा काढू शकत नाही, कोणीच काढू शकत नाही.

आणि आकड्याची पट्टीही प्रत्येक मशीनची वेगळी. माझ्याकडे ० ते ९९ आहे, त्यात ४०च्या खाली साधारण लोखंड. मायनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ६०० आणि ८०० या मशीनवर उणे ९ ते ४० अशी पट्टी असते, म्हणजे तिथला ३० आणि माझा ३० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. युट्युबवर बघून "ताई माझ्याकडे २२ आलंय, सोनं आहे का" असं विचारणाऱ्यांना मी आधी विचारते, मशीन कुठलं?

सुरुवातीला मीही इंटरनेटवरचा चार्ट छापून कॉइलच्या दांड्याला चिकटवला होता. त्यात निकेल, डाइम, क्वार्टर, सगळी अमेरिकन नाणी. गंगापूर रोडच्या एका बंगल्याच्या अंगणात सहा महिने त्या चार्टवर भरवसा ठेवून मी कितीतरी चांगले सिग्नल सोडून दिले आणि कचरा मात्र मन लावून खणला. तो चार्ट चुकीचा नाही, तो त्यांच्या नाण्यांचा आहे. आपली नाणी वेगळ्या धातूंची, आपले दागिने वेगळ्या कॅरेटचे, आपली माती वेगळी आणि आपला कचराही वेगळा. आपला चार्ट आपणच करायचा असतो, हे मला कळलं ते रामकुंडावर.

झालं असं की मी आईबरोबर गोदाघाटावर गेले होते, दहाव्याला. आईचं गुरुजींशी बोलणं चाललेलं, मी पायऱ्यांवर बसलेले. बाजूला एक दहा-बारा वर्षांचा पोरगा, सुतळीला बांधलेलं जुन्या स्पीकरचं गोल चुंबक पाण्यात सोडत होता आणि तळावरून हळूहळू ओढत वर काढत होता. दर खेपेला चुंबकाला दोन-तीन नाणी चिकटलेली. मी वाकून बघितलं तर सगळे एक आणि दोन रुपये, एखादे पन्नास पैसे. म्हटलं, पाचचं नाही आलं एकपण? तर तो म्हणाला, "ताई, पाचचं पिवळं याला येतच नाय, त्याला बुडी मारावी लागते."

त्या एका वाक्यात मला चार्टपेक्षा जास्त मिळालं. आपला १९९२ नंतरचा एक रुपया, २००५ नंतरचा दोन रुपया हे फेरिटिक स्टेनलेस स्टीलचे. हे स्टील चुंबकाला चिकटतं. म्हणजे डिटेक्टरच्या नजरेत ते लोखंडाच्या भावकीतलं. घरी येऊन पर्समधली चिल्लर कॉइलसमोर धरली तर रुपया कधी २०-२५ दाखवतो, जरा तिरका केला की एकदम ९०च्या वर उडी मारतो, परत खाली. आवाजही फाटका. आणि पाचचं पिवळं नाणं, जे २००९पासून निकेल-ब्रासचं आलं, ते मात्र एका जागी शांत बसतं. म्हणजे जो आपल्याकडे 'लोखंड बंद' करून, म्हणजे लोखंडाच्या आकड्यांना मशीनने गप्प बसावं असं लावून फिरतो तो आजच्या चलनातली निम्मी नाणी बघतच नाही! मला त्याचं दुःख नाही, दोन रुपयांसाठी कोण खड्डा करतो, पण हे माहीत असलं पाहिजे, कारण हीच उड्या मारणारी स्टीलची नाणी चांगल्या सिग्नलच्या शेजारी पडलेली असतात आणि त्याला बिघडवून टाकतात.

मग मी बाबांचा डबा काढला. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, आयुष्यभर नोटांच्या कारखान्यात काम आणि घरी जीव सगळा नाण्यांवर. श्रीखंडाच्या स्टीलच्या डब्यात आजोबांपासूनची चिल्लर. ती घेऊन मी आधी गच्चीवर गेले, म्हटलं मोकळी जागा आहे, आणि मशीन नुसतं ओरडायला लागलं, कारण स्लॅबमध्ये सळया! १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली होती तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने असंच विद्युत यंत्र आणून शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता आणि तो फसला, पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांमुळे यंत्राचा गोंधळ झाला असं सांगतात. गच्चीवर उभं राहून मला तेच आठवलं. मग खाली सोसायटीच्या बागेत प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, घड्याळ-बांगड्या काढून ठेवल्या, मशीन स्टुलावर आडवं केलं आणि एकेक नाणं कॉइलवरून नेलं. वहीत लिहीत गेले.

आजीचा राणीछाप चांदीचा रुपया, ११.६६ ग्रॅमचा, जवळजवळ ९२ टक्के चांदी. तो ९०च्या वर, घंटेसारखा स्वच्छ टोन, कसाही धरा हलत नाही. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच राहिली, तो माझ्याकडे जरा खाली येतो. आणि १९४७चा वाघाचा रुपया, दिसायला तसाच पांढरा, पण शुद्ध निकेलचा, निकेल चुंबकाला चिकटतं, त्यामुळे तो चांदीच्या जवळपासही जात नाही. देवघरातली तांब्याची शिवराई ८०च्या पुढे. भोकाचा पैसा, १९४३ ते ४७मधला, ब्राँझचा, तो सत्तरीत. आणि आता गंमत, ज्या अॅल्युमिनियमच्या नाण्यांना आपण हलकी म्हणून हसायचो, फुलाच्या पाकळ्यांसारखे १० पैसे, षट्कोनी २० पैसे, तीपण सत्तरीतच! अॅल्युमिनियम वीज चांगली वाहतं ना. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली, पण जमिनीतून गेलेली नाहीत. जुन्या वाड्यांच्या अंगणात सत्तरीचा सिग्नल आला की दहापैकी बऱ्याच वेळा १० पैसे असतात किंवा मग दारूच्या क्वार्टरचं अॅल्युमिनियमचं झाकण. ते झाकणही त्याच घरात राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पान म्हणजे क्युप्रोनिकेलचं. जुना जाड ५ रुपये, स्टीलच्या आधीचा १ रुपया, जुने चार आणे-आठ आणे. ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. नुसतं तांबं असतं तर आकडा वर गेला असता, पण निकेल मिसळलं की वाहकता धाडकन पडते. ही सगळी माझ्याकडे ५० ते ६५च्या पट्ट्यात. आणि याच पट्ट्यात सोन्याच्या अंगठ्या येतात.

हे का, ते समजलं की अर्धी लढाई जिंकली. शुद्ध सोनं वीज उत्तम वाहतं, पण दागिना शुद्ध सोन्याचा नसतो, ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. एवढ्याशा मिसळीनेही वाहकता बरीच उतरते. १४ किंवा १८ कॅरेटची अजून उतरते. त्यामुळे परदेशातल्या १४ कॅरेटच्या अंगठीचा आकडा आपल्या अंगठीला लावू नका, आपली त्याच मापाची थोडी वर बोलते. त्यात पुन्हा घडण. अंगठी बंद वर्तुळ आहे, तिच्यात प्रवाह गोल फिरू शकतो म्हणून ती चांगली बोलते. तीच अंगठी सोनाराने कापून उघडी ठेवली तर आकडा कोसळतो. जोडवी बघा, चांदीची असून खूप जणींची मागून उघडी असतात, मापाला दाबता यावीत म्हणून. ती चांदीसारखी ९०ला बोलतील असं समजाल तर फसाल, माझ्या एका मैत्रिणीचं जोडवं फॉइलच्या आकड्यात निघालं होतं. पैंजण कड्याकड्यांचं, मशीनला ते एक दागिना म्हणून दिसतच नाही, सुट्या सुट्या बारीक कड्या दिसतात, आकडा नाचतो. सोन्याची बारीक चेन तर जवळजवळ अदृश्य, बऱ्याचदा मिळतो तो तिचा फासा किंवा लॉकेट. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे, ते मुके, वाट्या मात्र बोलतात.

तर आता दिंडोरी.

पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते, ऊन चढलेलं. चहा घेतानाच मी मामींना एकच विचारलं, त्या दिवशी काय काय केलं ते अगदी पहिल्यापासून सांगा. हे मशीनइतकंच महत्त्वाचं आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात, ते औषध जहाल असतं, हातात रबरी मोजे घालावेच लागतात. मामींनी बायांबरोबर पाच ओळी पेस्ट लावली. जेवायच्या सुट्टीत मोजे काढले. परत घातले. संध्याकाळी घरी येऊन हात धुतले तेव्हा लक्षात आलं. मोजे उलटे करून बघितले होते, त्यात नव्हती.

दुसरं विचारलं, तशीच दुसरी अंगठी आहे का घरात? सुनेची होती, त्याच सोनाराकडची, वजनालाही जवळपास तेवढीच. ती बागेच्या कडेला मातीवर ठेवली आणि वरून कॉइल फिरवली, ५८, ५८, ५९. मग दोन बोटं मातीखाली पुरली, ५७-५८. चार बोटं, ५५ ते ५९ असं हलायला लागलं. उभी करून ठेवली, आवाज अर्धा झाला आणि आकडा ५२पर्यंत घसरला. ही पाच मिनिटं कधीही वाया जात नाहीत. आता मला माहीत होतं की मी काय ऐकायला आलेय.

आपली काळी माती म्हणजे बसाल्टची झीज, आणि बसाल्टात लोहाची खनिजं भरपूर. मशीनला ती जमीनच एक मोठा धूसर सिग्नल वाटते. म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला त्या जमिनीकडे दुर्लक्ष करायला शिकवायचं, स्वच्छ जागा बघून कॉइल वर-खाली, वर-खाली, जोवर मशीन गप्प होत नाही तोवर. दर ओळीला परत करावं लागलं कारण ड्रिपखाली ओलं आणि मध्ये कोरडं, ओल बदलली की जमिनीचं बोलणं बदलतं. शिवाय बांधावरचे काही काळे दगड असे असतात की स्वतःच धातूसारखे ओरडतात, त्यांच्यावरून कॉइल जरा उंच धरली की आवाज लगेच मरतो, खऱ्या धातूचा हळूहळू कमी होतो. गोदावरीच्या वाळूत तर काळी वाळूच असते, चुंबक फिरवलं की दाढीसारखी लोंबते. तिथे खोलवरच्या वस्तूचा आकडा धरून चालणं मी सोडूनच दिलंय.

पहिल्या ओळीत शिरले आणि मशीन सुरू झालं. ४८. खणलं, औषधाच्या बाटलीच्या तोंडावरचं अॅल्युमिनियमचं सील. ५१. सील. ४६-५३ नाचतंय, दुमडलेलं सील. ५७! श्वास अडकला, खुरप्याने हळू माती सारली, गोळ्यांच्या पाकिटाचा चुरगळलेला तुकडा. दोन तासांत मी त्या बागेतून एकवीस सीलं काढली. मामा ती मोजत होते आणि दर सीलाला त्यांचा चेहरा अजून ओशाळा होत होता, म्हणाले, "एवढं पडलंय बागेत? दिसत तर नाही." दिसत नाहीच, सगळं बोदाच्या, म्हणजे वेलीखालच्या उंच वरंब्याच्या, मातीत जातं.

इथे लोक विचारतात की मग सील आणि अंगठी यात फरक कळत नाही का. थोडा कळतो. सिग्नल आला की मी दोन्हीकडून कॉइल नेते, डावीकडून आणि उजवीकडून आकडा तोच आला पाहिजे. मग नव्वद अंशात वळून आडवी नेते. गोल, घट्ट वस्तू कुठूनही तेच बोलते, दुमडलेलं फॉइल एका बाजूने ५५ आणि दुसऱ्या बाजूने ४४. खिळा असेल तर वळल्यावर सरळ खाली लोखंडात पडतो, वाकडा खिळा तर एका दिशेने अगदी चांदीचं सोंग आणतो आणि दुसऱ्या दिशेने उघडा पडतो. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकणही तसंच, आकडा चांगला पण आवाजाच्या कडा फाटलेल्या. मग पिनपॉइंट करून, म्हणजे सिग्नलची नेमकी जागा धरून, बघायचं की आवाजाची जागा रुपयाएवढी आहे की ताटाएवढी, ताटाएवढी असेल तर पत्रा किंवा डबा. एवढं सगळं केलं तरी सपाट पडलेलं, न दुमडलेलं सील अंगठीसारखंच बोलतं, ५० काय आणि ५८ काय, ते सोनं असू शकतं. तिथे कौशल्य संपतं, तिथे फक्त खणायचं. जो म्हणतो मी न खणता सोनं ओळखतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सोनं शोधायचं तर फॉइल बंद करून चालत नाही, फॉइल बंद केलं की त्याच पट्ट्यातलं सोनंही बंद.

दुपारपर्यंत शेजारच्या मळ्यातले चार-पाच जण बांधावर येऊन बसले होते. एक आजोबा म्हणाले, "पोरी, त्या पडक्या वाड्यात फिरव ना एकदा, तिथे हंडा आहे म्हणतात." हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळतं आणि प्रत्येक वेळी मी थांबून नीट उत्तर देते, कारण गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे माणसं देशोधडीला लागलीत, जीव गेलेत. मी त्यांना म्हटलं, आजोबा, १८७८चा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं म्हणजे पुरावस्तू, त्याला १९७२चा वेगळा कायदा. लेणी, गड, घाट, जुनी देवळं इथे मी मशीन पिशवीतूनही काढत नाही. पांडवलेण्याच्या पायथ्याशीसुद्धा नाही.

मग त्यांना जोगलटेंभीचं सांगितलं. आपल्या नाशिकजवळचंच गाव, १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून घेतलेला. म्हणजे कोणी कोणाला हरवलं ते नाण्यावरच उमटलेलं, आणि पांडवलेण्यात नहपानाच्या जावयाचा लेखही आहे आणि गौतमीपुत्राच्या आईचाही. सगळं जुळलं, कारण तो साठा एकत्र लोकांसमोर आला. तीच नाणी एकेक करून सराफाच्या मुशीत गेली असती तर? आपल्या जिल्ह्यात चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जा तिथे. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग हंडा राहू दे. अंगठी काढ."

पाचही ओळी झाल्या. चाळीसेक खड्डे बुजवले, सीलं, तारेचे तुकडे, एक २५ पैसे, कात्रीचा स्क्रू. अंगठी नाही. मामी म्हणाल्या, "जाऊ दे गं, माझ्या नशिबात नव्हती, जेवून घे." पिठलं-भाकरी खाताना मी परत विचारलं, जेवायला बसलात तेव्हा मोजे कुठे ठेवले होते? मामी म्हणाल्या, "ठेवले कुठे, त्या शेवटच्या अँगलच्या तारेला अडकवले होते वाळायला, आतून घामाने ओले झाले होते म्हणून झटकून."

झटकून!

ओळीच्या टोकाला जो लोखंडी अँगल असतो आणि त्याला मागे ताण दिलेली जाड तार, तिथे मी कॉइल नेलीच नव्हती. खरं सांगायचं तर नेली होती, पण तिथे मशीन लोखंड-लोखंड म्हणून ओरडत होतं आणि मी दोन हात अलीकडूनच वळत होते. मोठ्या लोखंडाच्या सावलीत छोटी वस्तू झाकली जाते, मशीन दोघांचं मिळून एकच उत्तर देतं आणि त्यात लोखंड जिंकतं. मी मोठी कॉइल काढून लहान बसवली, सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, आणि कॉइल अँगलकडे जायच्या-यायच्या दिशेत न फिरवता अँगलला समांतर फिरवली, म्हणजे लोखंड सतत एकाच अंतरावर राहतं आणि मशीन त्याला जमिनीसारखं समजून जरा विसरतं. २१. १९. २३. मध्येच एक छोटासा उंच आवाज, ४१. परत २०. जागेवर थांबून फक्त टीचभर हलवलं. ४१, ४४, ४२. सकाळच्या हिशोबाने हा सीलाचा आकडाही नाही, लोखंडात मिसळलेला कचरा वाटावा असा. पण तो दर वेळी त्याच जागी येत होता, आणि आवाजाच्या कडा गुळगुळीत होत्या. एक वीत मागे सरकून पुन्हा फक्त कॉइलच्या कडेने घेतलं. ४९. अजून जरा मागे. ५४.

पिनपॉइंटर, म्हणजे जवळची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, लावला, तो मातीच्या वरच बडबडायला लागला. खुरपं वापरलंच नाही, बोटांनीच माती बाजूला केली. अर्धा इंचही खोल नव्हती. कोणाच्या तरी पायाखाली दबून उभी रुतली होती, कड तेवढी वर, आणि तिला अजूनही मळक्या दोऱ्याचे दोन वेढे होते.

मामी काही बोलल्या नाहीत. पदराने अंगठी पुसली, कपाळाला लावली आणि सरळ घरात गेल्या देवापुढे ठेवायला. मामा बांधावरच बसून राहिले.

संध्याकाळी निघायच्या आधी ओट्यावर मामी नवा दोरा गुंडाळत बसल्या होत्या, या वेळी पिवळा, रेशमाचा, मी म्हटलं मामी दोरा नको, सोनाराकडून माप बारीक करून घ्या. "घेईन गं दिवाळीनंतर," म्हणाल्या. मग एकदम विचारलं, "तुझं यंत्र माझी बाकीची ओळखेल का?" आणि आतून डबाच घेऊन आल्या. प्लास्टिकच्या क्रेटवर मशीन ठेवलं आणि एकेक वस्तू वरून नेली, मी वहीत लिहीत गेले. पाटली ७४. अंगठी, तीच, आता स्वच्छ आणि आडवी, ५९. कानातली कुडी ४३, मोत्यांमुळे काही फरक पडत नाही. सासूबाईंचं चांदीचं कडं ९३, मामींना तो आवाज फार आवडला, परत परत लावायला सांगितला. नथ नेली. मशीन गप्प. कॉइलला टेकवली तेव्हा कुठे एक बारीक खुट्ट झालं, आकडा आलाच नाही, बारीक तारेत ओवलेले मोतीच सगळे.

मामींनी नथ उचलून परत कापसात ठेवली, डबीचं झाकण दोनदा दाबून बघितलं. "म्हणजे ही हरवली तर तूपण काही करू शकणार नाहीस," म्हणाल्या, "ही आता कपाटातच."